ट्रॅक्टरवरचा ॲम्प उन्हाळ्यात बंद पडू नये म्हणून: नव्याने साउंड बसवणाऱ्यांसाठी

दिवाळीत बसवलेला ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, होळीपर्यंत बिनतक्रार वाजतो आणि शिमगा उलटला की भर दुपारी बंद पडायला लागतो. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, कुठेही ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारा, ही तक्रार ऐकायला मिळेल. मग दुकानदाराला शिव्या बसतात, नाहीतर ॲम्प डुप्लिकेट होता असं ठरतं. बहुतेक वेळा ॲम्प चांगलाच असतो. तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो.

हिशोब सोपा आहे. समजा, तुमचा ॲम्प वाजताना भोवतालच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरच्या दुपारी हवा २८ अंश असेल तर ॲम्पचं अंग ६३ अंशांवर थांबतं. एप्रिलमध्ये हवाच ४३ अंश असते, म्हणजे अंग ७८ वर जातं. बऱ्याच ॲम्पमधला संरक्षणाचा भाग ८० अंशांच्या आसपास कामाला लागतो. तुम्ही काहीही बदललं नाही, गाणीही तीच, आवाजही तोच, तरी हाताशी असलेली सगळी सवलत उन्हाने खाऊन टाकली.

यावर पहिला उपाय म्हणून सगळे पंखा लावतात. पंखा लागतोच, पण शेवटी. पंखा ॲम्पला हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि आपल्याकडची हवाच तापलेली. म्हणून आधी उष्णता तयार होणं कमी करायचं, मग ॲम्प योग्य जागी बसवायचा आणि उरलेली उष्णता पंख्याने बाहेर काढायची. याच क्रमाने पुढे जा. जीप असो, पिकअप असो की धरणातली बोट, १२ व्होल्टवर चालणारा ॲम्प जिथे बसतो तिथे हाच क्रम लागू पडतो.

पहिलं काम: ॲम्प खरा किती वॅटचा आहे ते ओळखा

डब्यावर ५००० वॅट लिहिलेलं असतं. त्याकडे लक्ष देऊ नका. ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १३.८ व्होल्टवर तो ॲम्प जास्तीत जास्त ४१४ वॅट वीज ओढणार. क्लास एबी जातीच्या ॲम्पमध्ये त्यातली निम्म्याच्या आसपास स्पीकरकडे जाते आणि उरलेली ॲम्पच्या अंगातच उष्णता होऊन राहते. क्लास डी जातीचा ॲम्प ८० टक्क्यांहून जास्त वीज स्पीकरकडे पाठवतो. नवीन घेणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे: आपल्या उन्हात वूफरसाठी क्लास डीच घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण तेवढ्याच आवाजाला तो निम्म्याहून कमी तापतो.

ट्रॅक्टरचा डायनामोही विसरू नका. बऱ्याच ट्रॅक्टरचा डायनामो ३५ ते ४५ अँपिअरचाच असतो, आणि त्यातूनच हेडलाइट, ट्रॉलीचे दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग भागवायचं असतं. त्यावर ६० अँपिअर ओढणारा ॲम्प लावला तर रात्री लाइट मंद होणार, बॅटरी उपाशी राहणार आणि ॲम्पला पुरेसा व्होल्टेज मिळणार नाही. एका ट्रॅक्टरला एक मध्यम ॲम्प, चार स्पीकर आणि एक वूफर भरपूर झाले.

दुसरं काम: ओहमचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त ॲम्प जळतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

स्पीकरवर ४ ओहम लिहिलेलं असतं. ओहम जितके कमी, तितका ॲम्पमधून करंट जास्त आणि ताप जास्त. ४ ओहमचे दोन वूफर पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे जोडले की दोघांचे मिळून २ ओहम होतात. सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडला की ८ ओहम होतात.

आता नेहमी दिसणारी चूक सांगतो. चार चॅनलचा, म्हणजे स्पीकरसाठी चार वेगळी आउटपुट असलेला ॲम्प असतो. मागचे दोन चॅनल ब्रिज केलेले, म्हणजे दोन्हींची ताकद एकाच जोडणीला मिळेल असे जोडलेले असतात आणि त्यावर दोन वूफर पॅरललमध्ये. ब्रिज केलं की प्रत्येक चॅनलला स्पीकरचे निम्मेच ओहम दिसतात. म्हणजे २ ओहमच्या जोडणीत प्रत्येक चॅनलला १ ओहमचा भार पडतो. बहुतेक चार चॅनल ॲम्पना ब्रिजमध्ये किमान ४ ओहम लागतात, तसं टर्मिनलजवळ छापलेलंही असतं. थंडीत हा जोड कसाबसा वाजतो आणि आवाज दणदणीत येतो, त्यामुळे मालक खूश असतो. मार्च लागला की तोच ॲम्प पंधरा मिनिटांत लाल दिवा दाखवतो.

यातून सुटायचे मार्ग दोन. वूफर दोनच वाजवायचे असतील तर चारही चॅनल दोन जोड्यांत ब्रिज करा आणि प्रत्येक जोडीवर ४ ओहमचा एकच वूफर द्या. नाहीतर दोन्ही वूफर सिरीजमध्ये घेऊन एका जोडीवर द्या. आवाज थोडा कमी मिळेल, ताप मात्र लगेच उतरेल.

जोडणी झाली की ॲम्पची वायर लावायच्या आधी स्पीकरच्या वायरीवर मल्टिमीटर धरा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. १.६ च्या आसपास आकडा दिसला तर कुठेतरी पॅरलल झालंय. शून्याच्या जवळ असेल तर वायर कुठेतरी चेपून शॉर्ट आहे. स्पीकरची एक वायर आणि चेसीचं लोखंड यांच्यामध्येही मीटर लावून बघा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. ट्रॅक्टरला हादरे फार. पत्र्याच्या भोकातून वायर नेली असेल आणि तिथे रबरी बूच नसेल तर एका हंगामात पत्रा वायरीचं कातडं कापतो.

तिसरं काम: जाड वायर, पक्कं अर्थिंग

बारीक वायर म्हणजे व्होल्टेजची गळती. आकड्यांत बघा. बॅटरीपासून ॲम्पपर्यंत ४ मीटर अंतर आहे, जाणारी-येणारी मिळून ८ मीटर वायर. घरच्या फिटिंगमधली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली आणि ३० अँपिअर ओढले तर वाटेतच १ व्होल्ट हरवतो आणि ३० वॅट उष्णता वायरीत जाते. १६ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर पाव व्होल्टच हरवतो. काही ॲम्पमधला पॉवर सप्लाय असा असतो की व्होल्टेज पडला की तो तेवढ्याच आवाजासाठी जास्त करंट ओढतो आणि त्यामुळे आणखी तापतो. इतर ॲम्पमध्ये आवाज फाटतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि फिरून तिथेच येतो.

वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आतून लाल निघालं तर तांबं. आतून पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. ती स्वस्त मिळते, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, शिवाय तिची टोकं स्क्रूखाली दबून सैल होतात. घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्या.

मायनससाठी जवळचा बोल्ट पकडून मोकळे होऊ नका. रंग, गंज आणि ग्रीसवर बसवलेलं अर्थिंग पहिल्या पावसापर्यंतच टिकतं. प्लसएवढीच जाड मायनसची वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. टोकांना तांब्याचे लग, म्हणजे बोल्टात बसणाऱ्या कड्या, दाबून घ्या, नुसती वायर पिळून बोल्टखाली घालू नका. प्लसच्या वायरीत फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच हवा. फ्यूज ॲम्पजवळ लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवू शकत नाही. त्या वायरीशेजारी वाळलेलं पाचट अडकलेलं असतं, हे डोक्यात ठेवा.

वायर बसली की इंजिन चालू ठेवून, गाणं जोरात लावून ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ दिसतंय आणि ॲम्पवर १३.५ च्या वर राहतंय, तर काम चांगलं झालं. ॲम्पवर १२.५ दिसत असेल तर कुठलातरी सांधा किंवा वायर कमी पडतेय. सांध्यांवर हात लावून फिरा. जो गरम लागेल तो दोषी.

चौथं काम: गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्पवर गेन किंवा लेव्हल लिहिलेला स्क्रू असतो. तो पूर्ण फिरवला की ॲम्पची ताकद वाढते असा समज आहे. ताकद तेवढीच राहते. टेपच्या किती आवाजाला ॲम्प आपल्या शेवटच्या टोकाला पोचेल, एवढंच त्या स्क्रूने ठरतं. गेन पूर्ण वर ठेवला की टेपचा आवाज निम्मा असतानाच ॲम्प टोकाला जातो, आवाजाच्या लाटेची डोकी छाटली जातात, आणि ॲम्प व स्पीकरची कॉइल दोन्ही भाजतात.

गेन असा लावा. टेपचा बेस, ट्रेबल शून्यावर, ॲम्पचा बेस बूस्ट बंद, स्पीकरच्या वायरी काढलेल्या. क्रॉसओव्हरचं, म्हणजे कुठल्या स्पीकरला जाड आवाज द्यायचा आणि कुठल्याला बारीक ते ठरवणारं बटन 'फुल'वर ठेवा. टेपचा व्हॉल्यूम पाऊण भागापर्यंत न्या, कमाल ४० असेल तर ३०. मोबाइलवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन, म्हणजे एकसारखा वाजणारा सूर, उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्हवरून वाजवा. साधे मल्टिमीटर याच पट्ट्यात एसी व्होल्टेज बरोबर दाखवतात, १००० हर्ट्झवर बरेच स्वस्त मीटर चुकतात. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मीटर एसीवर ठेवून गेन हळूहळू वाढवा. ४ ओहमवर ५० वॅट हवे असतील तर १४ व्होल्टवर थांबा, ७५ वॅटला १७, १०० वॅटला २०, २०० वॅटला २८. वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढलं की हाच आकडा येतो. इथे वॅट खरे धरायचे, डब्यावरचे नव्हेत.

मीटर नसेल तर स्पीकर जोडा, ओळखीचं गाणं लावा, गेन वाढवत न्या, आवाज चिरकायला लागला की थांबून बराच मागे या.

मग क्रॉसओव्हर जागेवर आणा. सहा इंची स्पीकरना ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा बेस देऊ नका. त्यांना तो धड वाजवता येत नाही, आणि करंट मात्र तिथेच सगळ्यात जास्त जातो. वूफरला ८० च्या खालचंच द्या. बेस बूस्ट बंदच राहू द्या. ३ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात दुप्पट पॉवर, ६ डेसिबल म्हणजे चौपट. उलट बाजूनेही हे खरं आहे. आवाज ३ डेसिबलने उतरवला तर कानाला जेमतेम फरक कळतो, पण स्पीकरकडे जाणारी पॉवर निम्मी होते.

गाण्यांचाही फरक पडतो. भजन, भारूड, जुनी लोकगीतं यांत चढउतार असतो, मध्ये ॲम्पला श्वास घ्यायला जागा मिळते. डीजे रीमिक्समध्ये पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सलग दाब असतो. एप्रिलच्या दुपारी सलग रीमिक्स वाजवायचं असेल तर व्हॉल्यूम चार काटे खाली हवा.

आणखी एक गोष्ट, जी ॲम्पपेक्षा मोलाची आहे. दोन ट्रॉल्या मागे असताना मागच्या गाडीचा हॉर्न तुम्हाला ऐकू आलाच पाहिजे. तो ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात गावातून जाताना टेप बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, आणि त्या घरांत परीक्षेची पोरं आणि आजारी म्हातारी माणसं झोपलेली असतात.

पाचवं काम: जागा

ट्रॅक्टरमध्ये रेडिएटरचा पंखा समोरची हवा ओढून इंजिनवरून मागे, म्हणजे ड्रायव्हरकडे फेकतो. त्यामुळे डॅशबोर्डखाली, पायापाशी आणि बोनेटच्या मागच्या अंगाला कायम गरम वारा असतो. ॲम्प तिथे बसवू नका. सायलेन्सरच्या बाजूलाही नको. सीटखालच्या टूलबॉक्समध्ये तर अजिबात नको, तिथे हवाच फिरत नाही.

बहुतेकजण टपाला खालून उलटा टांगतात. दिसायला ते सुटसुटीत, पण टपाचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो आणि खालची गरम हवाही वर येऊन तिथेच साठते. उलट्या ॲम्पच्या पाठीवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पन्हाळ्या खाली तोंड करून असतात, त्यामुळे त्यांची उष्णता वर चढून परत ॲम्पच्याच पोटात शिरते. टपाखेरीज जागाच नसेल तर पत्रा आणि ॲम्प यांच्यात वीतभर अंतर ठेवा, पत्र्याच्या आतून प्लायचा किंवा थर्माकोलचा थर द्या आणि टपाला वरून पांढरा रंग मारा. पांढऱ्या रंगाने ड्रायव्हरच्या डोक्याचंही भलं होतं.

माझ्या मते चांगली जागा म्हणजे सीटच्या मागे, मडगार्डच्या आतल्या अंगाला, टपाच्या सावलीत. ॲम्प उभा बसवा. त्याच्या पाठीवरच्या पन्हाळ्या वर-खाली अशा दिशेने हव्यात, म्हणजे गरम हवा त्यांतून आपोआप वर निघून जाते. चारही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर मोकळे सोडा. मागे लाकडी फळी आणि फळीखाली रबरी वायसर द्या, हादऱ्याने आतले सोल्डर सुटतात. याच कारणाने वूफरच्या डब्यावर ॲम्प कधी कसू नये.

सहावं काम: पंखा

डबा करायचाच असेल, आणि धुळीमुळे तो बहुधा करावाच लागतो, तर हवा खालून आत आणि वरून समोरच्या बाजूने बाहेर अशी वाट ठेवा. १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा बाजारात सहज मिळतो आणि पाव अँपिअरच्या आसपासच करंट घेतो. त्याच्या कडेवर बाण असतो, तो हवेची दिशा दाखवतो.

पंखा हवा आत ढकलणारा लावा. बरेचजण बाहेर ओढणारा लावतात. तो लावला की डब्याच्या प्रत्येक फटीतून फुफाटा आत येतो. आत ढकलणाऱ्या पंख्याच्या तोंडावर जाळी लावली की हवा गाळून येते आणि फटींतून बाहेरच जाते. जाळीने वाट अर्धीअधिक अडते, म्हणून जाळीचं तोंड पंख्याच्या दुप्पट मोठं ठेवा. मच्छरदाणीच्या जाळीचे दोन थर पुरतात. आठवड्याला काढून झटका.

पंख्याला वीज टेपच्या निळ्या रिमोट वायरीवरून थेट देऊ नका. ती वायर फक्त इशाऱ्यापुरती असते, जास्त भार दिला की टेपचं ते आउटपुट जातं. रिमोट वायरीने १२ व्होल्टचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चालवा आणि रिलेतून पंख्याला बॅटरीची वीज द्या, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज.

सातवं काम: धूळ

पाचटाचा बारीक चुरा, मळणीचं भुसकट, काळ्या मातीचा फुफाटा यांचा थर पन्हाळ्यांत बसला की उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. पंधरा दिवसांनी पंक्चरच्या दुकानात हवा मारून घ्या. नळीतून आधी पाणी येतं, ते बाजूला सोडून द्या. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर ती वेड्यासारखी फिरून बेअरिंग जातं. ट्रॅक्टर धुताना ॲम्पच्या डब्यावर फवारा नको.

कारखान्याच्या यार्डात

नंबर लागेपर्यंत कधी रात्रभर, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. इंजिन बंद असतं, करमणूक मात्र हवी असते, आणि ते अगदी रास्त आहे. पण इंजिन बंद असताना भरलेली बॅटरीसुद्धा १२.६ व्होल्टच असते आणि भाराखाली झपाट्याने उतरते. तिथे वूफर बंद ठेवून नुसते छोटे स्पीकर हळू वाजवा. शंभर-दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर लावा. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी झाली, तिथे टेप बंद करा. नाहीतर पहाटे नंबर आला की सेल्फ लागणार नाही आणि मागची रांग खोळंबेल.

बंद पडलाच तर

कसा बंद पडला यावरून कारण ओळखता येतं. अर्धा-पाऊण तास वाजून बंद पडला आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू झाला तर ताप. जोराचा बेस आला की क्षणभर बंद आणि लगेच चालू, तर व्होल्टेज पडतोय. वायर, अर्थिंग, बॅटरी बघा. चालू करताक्षणी लाल दिवा लागला तर स्पीकरची वायर शॉर्ट. सगळ्या स्पीकर वायरी काढा आणि एकेक जोडत जा, जिच्यावर दिवा लागेल ती धरा. वायरी काढूनही दिवा जात नसेल तर बिघाड ॲम्पच्या आत आहे.

तापलेल्या ॲम्पवर ओलं गोणपाट टाकू नका, पाणी मारू नका. गाणं थांबवा पण टेप चालू राहू द्या, म्हणजे पंखा फिरत राहील. ॲम्पच्या अंगावर तळहात पाच सेकंद ठेवता आला तर परत वाजवायला हरकत नाही. आकडाच हवा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण कोरोनाच्या काळातली तापाची बंदूक चालणार नाही, तिचा पल्ला माणसाच्या अंगापुरता असतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर कुठलीही बंदूक कमी आकडा दाखवते. म्हणून ॲम्पवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. दुपारी वाजताना ७० च्या आत राहिला तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपेपर्यंत, काळजी नाही.

एवढं सगळं करूनही तो तापत असेल तर मिस्त्रीकडे नेताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: किती मिनिटांनी बंद पडतो, तेव्हा ॲम्पच्या टर्मिनलवर किती व्होल्ट होते, स्पीकरचे मोजलेले ओहम किती आणि कुठलं चॅनल जास्त गरम लागतं. एवढ्यावरून चांगला मिस्त्री खोलायच्या आधीच बिघाडाच्या जवळ पोचतो, आणि चांगला नसलेला तुम्हाला नवीन ॲम्प गळ्यात मारायच्या आधी दोनदा विचार करतो.